मृत्युपत्र आणि ट्रस्ट: सोलापूरच्या घरांनी मिळकतीची व्यवस्था कशी लावावी

सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली सापडतात. खाली यंत्रमाग, वर राहतं घर, मागे भाड्याने दिलेली एक खोली. जागा अजून आजोबांच्या नावावर, माग वडिलांनी घेतलेले, वरचा मजला थोरल्याच्या पैशातून चढवलेला आणि महापालिकेचा कर मात्र वर्षानुवर्षं धाकटा भरतोय. वडील जातात, दिवस होतात आणि मग प्रश्न निघतो: यातलं कुणाचं काय? अशा घरात कपाटातून मृत्युपत्र निघालं तरी भांडण मिटेलच असं नाही. वडिलांनी जे लिहून दिलेलं असतं, त्यातलं बरंचसं त्यांच्या एकट्याचं नसतंच.

मृत्युपत्र म्हटलं की लोक आधी वकील, स्टँप आणि साक्षीदार शोधायला लागतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवात तिथून करू नका. आधी आपलं काय आहे ते कागदावरून पाहा, मग ते कुणाला द्यायचं ते ठरवा आणि मृत्युपत्र की ट्रस्ट याचा विचार शेवटी करा. हा लेखही त्याच क्रमाने जातो. यातला वारसा हक्काचा भाग हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आहे. तो हिंदूंबरोबरच लिंगायत, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी काय वेगळं, ते पुढे येईल.

काहीच लिहून ठेवलं नाही तर

पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची मिळकत पहिल्या वर्गाच्या वारसांमध्ये वाटली जाते. त्यात पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो. वडील या पहिल्या वर्गात नाहीत. "माझ्यामागे सगळं बायकोचं" असं समजून चालणारे पुष्कळजण आहेत, पण तसं होत नाही. समजा एक शिक्षक गेले. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि म्हातारी आई. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटचे चार हिस्से होतील. पुढे आजी गेल्या आणि त्यांनीही काही लिहून ठेवलं नसेल, तर त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या वारसांकडे जाईल, म्हणजे या शिक्षकांच्या भावा-बहिणींकडेही. मग वहिनीला स्वतःच्या राहत्या घराचा व्यवहार करायला दिरांच्या आणि नणंदांच्या सह्या गोळा कराव्या लागतात.

बाईच्या बाबतीत कायदा आणखी वेगळा आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिची मिळकत आधी मुलं आणि नवरा यांच्याकडे जाते. यांपैकी कुणीच नसेल, तर तिने स्वतः कमावलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आई-वडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. माहेरहून वारसाने आलेली मिळकत, मुलं नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे नोकरी करून घर घेतलेली, मूल नसलेली विधवा बाई गेली, तर तिला शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या आईच्या आधी सासरचे दूरचे नातेवाईक हक्क सांगू शकतात. म्हणून मिळवत्या बाईने मृत्युपत्र करावंच, आणि ते नवऱ्याच्या मृत्युपत्रापेक्षा वेगळं, स्वतःचं असावं.

पहिली पायरी: आपलं काय आहे ते कागदावरून पाहा

एक साधी वही घ्या. प्रत्येक मिळकतीसाठी तीन गोष्टी लिहा: कागदावर नाव कुणाचं, ती आली कशी आणि तिच्यावर कर्ज किंवा बोजा किती. यासाठी लागणारे उतारे आता ऑनलाइनही मिळतात. शेतीसाठी सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. शहरातल्या जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका, खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा (इंडेक्स टू). महापालिकेची कराची पावती मालकीचा पुरावा नाही, तेव्हा ती वहीत असू द्या, पण तिच्यावर विसंबू नका.

"आली कशी" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. स्वतःच्या कमाईतून घेतलेली मिळकत तुम्ही कुणालाही देऊ शकता, मुलांना वगळूनसुद्धा. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र तुम्हाला फक्त तुमचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. पूर्ण घर लिहून दिलं तरी बाकीच्यांचे हिस्से त्यांचेच राहतात. मुलीही जन्माने या मिळकतीच्या हिस्सेदार आहेत. २००५ च्या दुरुस्तीने तो हक्क आला आणि वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनिता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. "लग्नात दिलं, आता तिचा संबंध नाही" हे वाक्य बैठकीत चालतं, कोर्टात चालत नाही. मुलीला खरोखरच हिस्सा नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, तेही समजून-उमजून, आणि वडिलांच्या हयातीतच निवांतपणे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आजोबांकडून आलेलं सगळंच वडिलोपार्जित, असं लोक धरून चालतात. पण आजोबांची मिळकत स्वकष्टार्जित असेल आणि १९५६ नंतर ते मृत्युपत्राशिवाय गेले असतील, तर तिच्यातून वडिलांना वारसाने आलेला हिस्सा साधारणपणे वडिलांचा स्वतःचा मानला जातो. नातवंडांचा त्यात जन्माने हक्क येत नाही. कोणती मिळकत कोणत्या प्रकारची, हे आजोबांच्या मृत्यूची तारीख आणि त्या वेळचा फेरफार पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. वकिलाला पहिली फी द्यायची ती या प्रश्नाच्या उत्तरासाठी द्या.

शेतीच्या बाबतीत सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" लिहिलंय का ते बघा. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनी आणि उजनी धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी करमाळा, माढा, मोहोळ, पंढरपूर या पट्ट्यात कमी नाहीत. अशा जमिनींच्या हस्तांतरावर बंधनं असतात आणि बऱ्याचदा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शेतजमीन शेतकरी नसलेल्या परक्या माणसाला मृत्युपत्रानेही देता येत नाही. गुजरातमधून आलेल्या एका प्रकरणात, तिथेही लागू असलेल्या १९४८ च्या कुळकायद्याच्या आधारे, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसा निकाल दिला आहे. सांगोल्याची डाळिंबाची बाग सांभाळणाऱ्या विश्वासू गड्याच्या नावे एकर-दीड एकर करून ठेवावी असं मनात असेल, तर ते मृत्युपत्रात लिहिण्याआधी हे तपासा. त्याला रोख रक्कम किंवा ठेव देणं कितीतरी सोपं.

वहीत लहान गोष्टीही उतरवा: माग आणि त्यांची बिलं, सुताच्या व्यापाऱ्याकडे अडकलेली आणि त्याला देणं असलेली रक्कम, साखर कारखान्याचे शेअर, पतसंस्थेतल्या ठेवी, विम्याच्या पॉलिसी, पोस्टातली खाती, लॉकर. सोनं "पाच तोळे" असं न लिहिता वस्तूवार लिहा. सोसायटीचं पीककर्ज असेल तर तेही लिहा, कारण जमीन ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे तिच्यावरचा बोजाही जातो.

दुसरी पायरी: नॉमिनी म्हणजे मालक नाही

बँकेत, सोसायटीत, म्युच्युअल फंडात ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लागलंय तो पैसे हातात घेऊ शकतो, पण साधारणपणे ते वारसांसाठी सांभाळणारा म्हणून. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर १९८३ मध्ये सांगितलं आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये. विम्याला आता एक मोठा अपवाद आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर रकमेवर हक्क त्यांचाच होतो. बँकेच्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एकच.

म्हणजे नॉमिनी लावणं आवश्यक आहेच, पण ते मृत्युपत्राची जागा घेत नाही. दोन्हींत नाव एकच असलं की वारसांचे कित्येक महिने वाचतात. मृत्युपत्रात मुलीचं नाव आणि बँकेत वीस वर्षांपूर्वी लावलेलं भावाचं नाव, असा घोळ असेल तर तो आजच निस्तरा.

तिसरी पायरी: मृत्युपत्र लिहिणं

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साध्या कागदावर, हाताने किंवा टाइप करून, कोणत्याही भाषेत लिहिता येतं. अट इतकीच की करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा, त्याने सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. त्या साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझीच असं त्याने त्यांना स्वतः सांगितलेलं असावं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम ६३ हेच सांगतं. कायद्याला दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असणं लागत नाही, पण तुम्ही तसंच करा.

सुरुवातीचा परिच्छेद असा असावा:

"मी, खाली सही करणार, वय ६८, धंदा यंत्रमाग, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या या लेखाने रद्द करत आहे."

नंतर कुटुंबातल्या सगळ्यांची नावं आणि नाती येऊ द्या, ज्यांना काही द्यायचं नाही त्यांचीही. एखाद्याला कमी देत असाल किंवा वगळत असाल, तर कारण दोन ओळींत, सभ्य भाषेत लिहा: "थोरल्या मुलास व्यवसायासाठी हयातीत रक्कम दिली असल्याने…" नाव वगळलेलं दिसलं की कोर्टाला शंका येते. नाव आणि कारण दोन्ही असलं की हा माणूस विचार करून लिहीत होता हे दिसतं.

मिळकतीचं वर्णन ढोबळ नको. "माझे पेठेतले घर" लिहू नका. नगर भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, चतुःसीमा लिहा. शेतीसाठी गाव, तालुका, गट नंबर, हेक्टर-आर. फ्लॅटसाठी सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर आणि भागपत्राचा क्रमांक. तळमजल्यावरची मागाची जागा एकाला आणि वरचं घर दुसऱ्याला देणार असाल, तर जिना, नळ, वीजमीटर आणि गच्ची कुणाची, हेही लिहा. घरातल्या भांडणाचं मूळ पुष्कळदा जिन्यात आणि मीटरमध्ये असतं. शक्य असेल तर हयातीतच मीटर वेगळे करून घ्या.

आता जोडीदाराचा प्रश्न, कारण जवळजवळ प्रत्येक मृत्युपत्रात तो येतो. "पत्नीने हयातीत राहावे, नंतर घर मुलांना" असं लिहिण्याची पद्धत आहे. हेतू चांगला, पण हे वाक्य अर्धवट लिहिलं की मोठा वाद उभा राहतो. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे, पोटगीच्या हक्कापोटी स्त्रीला दिलेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तुळसम्मा प्रकरणात हे मांडलं आणि त्यावर आजही खटले चालू असतात. तेव्हा आधी मनाशी नक्की करा. आईला घर विकण्याची मुभा द्यायची असेल तर सरळ पूर्ण मालकी द्या आणि तिला तिचं मृत्युपत्र करायला सांगा. माझ्या मते बहुतेक घरांत हेच बरं, कारण उतारवयात आजारपणाला पैसा लागला तर तिला मुलांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. फक्त राहण्याचा आणि भाड्याचा हक्क द्यायचा असेल, तर तो मर्यादित का आहे, तिच्या चरितार्थाची वेगळी तरतूद कोणती केली आहे आणि विक्री, गहाण, बक्षीस करता येणार की नाही, हे वकिलाकडून नेमक्या शब्दांत लिहून घ्या.

आणखी तीन कलमं कधीही सोडू नका. पहिलं, घेणाराच आधी वारला तर ती वस्तू कुणाकडे. दुसरं, "वर नमूद न केलेली आणि यापुढे मला मिळणारी सर्व स्थावर-जंगम मिळकत अमुक यास" असं उरलेल्या सगळ्याचं कलम. ते नसेल तर राहून गेलेल्या ठेवीसाठी पुन्हा वारसा हक्काचं सगळं रामायण. तिसरं, मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस, ज्याला आपल्याकडे व्यवस्थापक किंवा एक्झिक्युटर म्हणतात. तो वयाने तुमच्यापेक्षा लहान असावा आणि सगळ्या मुलांना ज्याच्याशी बोलता येतं असा असावा. त्याला आधी विचारा, मगच नाव घाला.

भाषेबद्दल सोलापुरात विशेष काळजी घ्यावी लागते. घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या, मराठी लिपी न वाचणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांची मृत्युपत्रं वकिलाच्या ऑफिसात मराठीत टाइप होतात. पुढे एखादा वारस म्हणतो, त्यांना यातलं अक्षरही कळत नव्हतं. त्यांच्या भाषेत मृत्युपत्र करता येतंच. ती भाषा जिल्ह्यात सर्रास वापरली जात नाही असं नोंदणी अधिकाऱ्याला वाटलं, तर सोबत अचूक भाषांतर जोडावं लागतं. मराठीतच करायचं असेल, तर शेवटी लिहा की मजकूर अमुक व्यक्तीने तेलुगूत वाचून, समजावून सांगितला आणि तो मान्य आहे. त्या व्यक्तीचीही सही घ्या.

साक्षीदार निवडताना त्यांना कधीकाळी कोर्टात उभं राहावं लागेल हे धरून चाला. मृत्युपत्र सिद्ध करायला, साक्षीदार हयात असल्यास, किमान एकाची साक्ष लागते. म्हणून आपल्या वयाचा मित्र घेण्यापेक्षा चाळिशीतला शेजारी किंवा परिचित घ्या. हिंदूंच्या मृत्युपत्रात ज्याला मिळकत मिळणार आहे तोच साक्षीदार असला म्हणून देणगी रद्द होत नाही, तरी त्याला लांब ठेवलेलं बरं. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगून ठेवलंय की मोठा लाभ मिळणारा माणूसच मृत्युपत्र करून घेण्यात पुढे असेल, तर ते संशयास्पद ठरतं आणि संशय दूर करायची जबाबदारी त्याच्यावर येते. त्यामुळे बाबांना रिक्षात बसवून वकिलाकडे नेणं, फी देणं, कागद सांभाळणं ही सगळी कामं एकाच मुलाने करू नयेत, विशेषतः घर त्यालाच मिळणार असेल तर.

प्रत्येक पानावर सही, खाडाखोड असेल तिथे सही, शेवटी तारीख आणि ठिकाण. वय सत्तरीपुढे असेल किंवा दुखणं चालू असेल, तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा: ओळखलं, बोलले, कागदातलं समजतंय.

नोंदणी करावी का?

कायद्याने सक्ती नाही. माझं मत, करावी. सोलापुरात मिळकत असो वा नसो, कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात ती होते आणि खर्च अगदी किरकोळ असतो. अधिकारी विचारतात, "आजोबा, हा कागद कशाचा आहे? वाचलाय का? सही तुमचीच ना?" मग फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो. पुढे कुणी म्हणालं की हा कागद मागाहून बनवला, तर तारखेचा आणि ओळखीचा पुरावा सरकारदप्तरी असतो. पण नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप खरं ठरत नाही. शुद्धी, दबाव आणि साक्षीदार हे मुद्दे तरीही कोर्टात तपासले जातात. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधकांना घरी बोलावता येतं, त्यासाठी अर्ज करा. मजकूर कुणालाच कळू द्यायचा नसेल, तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीही सोय आहे.

मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं. नोंदणीकृत मृत्युपत्र नंतरच्या साध्या मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकतं, पण तसं करू नका; नवीनही नोंदवा. मोठा बदल असेल तर पुरवणी न जोडता नवीनच लिहा.

बक्षीसपत्राचा मोह

रक्ताच्या नात्यात बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, म्हणून "आत्ताच मुलाच्या नावावर करून टाका" असा सल्ला सर्रास दिला जातो. बक्षीसपत्र झालं की मालकी त्याच दिवशी जाते आणि मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्रात शेवटच्या श्वासापर्यंत मालक तुम्हीच. राहतं घर हयातीत देऊ नये, असं मी ठामपणे सांगेन. द्यावंच लागलं तर सांभाळ करण्याची अट कागदात स्पष्ट लिहा. ती पाळली नाही तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतर रद्द करून घेता येतं.

ट्रस्ट कोणाला लागतो

बहुतेक घरांना लागत नाही. मुलं सज्ञान, धडधाकट आणि व्यवहारी असतील तर नीट केलेलं मृत्युपत्र पुरतं. ज्याला द्यायचंय तो ते सांभाळू शकणार नाही, तिथे ट्रस्टचा विचार करावा: लहान मुलं, मतिमंदत्व किंवा मानसिक आजार असलेलं अपत्य, व्यसनात अडकलेला मुलगा, किंवा परदेशी राहणारी मुलं आणि इथे एकटी म्हातारी आई.

खासगी ट्रस्ट भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली होतो. रचना साधी आहे. मिळकत देणारा, ती सांभाळणारे विश्वस्त आणि जिच्यासाठी सांभाळायची ती लाभार्थी व्यक्ती. मिळकत कायद्याने विश्वस्तांच्या नावे असते, पण तिचा एक रुपयाही त्यांना स्वतःसाठी वापरता येत नाही. स्थावर मिळकतीचा ट्रस्ट हयातीत करायचा तर तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि मिळकत विश्वस्तांकडे सोपवताना मुद्रांक शुल्क लागतं, ते बरंच असू शकतं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायचा तो सार्वजनिक ट्रस्ट. शाळा, मंदिर, दवाखाना यांच्यासाठीचा तो कायदा वेगळा, १९५० चा. घरगुती ट्रस्टचा त्याच्याशी संबंध नाही.

कमी खर्चाचा मार्ग म्हणजे मृत्युपत्रातूनच ट्रस्ट करणं. होटगी रोडला राहणारं एक जोडपं डोळ्यांपुढे आणा. थोरली मुलगी पुण्यात नोकरीला, धाकटा मुलगा २४ वर्षांचा, पण बौद्धिक अक्षमता असलेला. बेरीज-वजाबाकी येत नाही, माणसं चटकन विश्वासात घेतात. घर आणि ठेवी थेट त्याच्या नावे झाल्या तर त्याला फसवणं अवघड नाही. सगळं बहिणीच्या नावे केलं, तर ती उद्या आधी गेली की तो पैसा तिच्या नवऱ्याचा आणि मुलांचा होतो, भावाचा राहत नाही. इथे दोघांनी आपापल्या मृत्युपत्रांत लिहावं: आमच्या दोघांमागे घर आणि ठेवी विश्वस्तांकडे जातील, विश्वस्त म्हणून मुलगी, एक मामेभाऊ आणि एक विश्वासू परिचित, मुलगा हयात असेपर्यंत त्याचं राहणं, औषधं, मदतनीस आणि सहली यांवर उत्पन्न खर्च होईल, कमी पडलं तर मुद्दलही, त्याच्यामागे उरलेलं मुलीला किंवा तिच्या मुलांना. सहली मुद्दाम लिहिल्या. "पालनपोषण" एवढंच लिहिलं की काटकसरी विश्वस्त जेवणखाण आणि औषधांपलीकडे हात सैल सोडत नाहीत, आणि त्या मुलाला हवी असलेली अक्कलकोटची, पंढरपूरची फेरी राहून जाते.

ट्रस्टच्या मजकुरात हेही ठरवा: विश्वस्त किती, एक गेला तर पुढचा कोण नेमणार, निर्णय बहुमताने की एकमताने, घर विकता येईल का, हिशोब दरवर्षी कुणाला दाखवायचा, विश्वस्तांना मोबदला किती. फुकट राबणारा विश्वस्त दहा वर्षांनी कंटाळतो, म्हणून माफक मोबदला लिहिलेला चांगला. लाभार्थी नेमका कोण हे नावानिशी हवं आणि ट्रस्टला अंत हवा. पिढ्यान् पिढ्या मिळकत बांधून ठेवायला कायदा परवानगी देत नाही.

करासाठी ट्रस्टचं वेगळं पॅन आणि विवरणपत्र असतं. लाभार्थींचे हिस्से ठरवलेले नसतील तर सहसा सर्वांत वरच्या दराने कर लागतो. मृत्युपत्राने केलेला आणि त्या व्यक्तीचा तो एकमेव ट्रस्ट असेल तर यात सवलत आहे, म्हणून मसुदा सही होण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला दाखवा. वारसाने मिळालेल्या मिळकतीवर मात्र वेगळा कर नाही. मृत्युकर १९८५ मध्येच बंद झाला.

अशा मुलासाठी ट्रस्टइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे कायदेशीर पालकत्व. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अठरा वर्षांपुढच्या व्यक्तीलाही पालक नेमून देते. आई-वडील दोघंही हयात असतानाच तिथे अर्ज करा.

लहान मुलांबद्दल एक लक्षात ठेवा: अज्ञानाच्या, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या, नावे आलेली स्थावर मिळकत पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरुण जोडप्याने मृत्युपत्रात ट्रस्ट घालून विश्वस्तांना स्पष्ट अधिकार दिले, तर शिक्षणासाठी पैसा उभा करणं सोपं जातं.

मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी

मुस्लिम व्यक्तीला अंत्यविधी आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक-तृतीयांशापर्यंतच वसियत करता येते. सुन्नी कायद्यात वारसालाच वसियतीने जास्त द्यायचं असेल तर मृत्यूनंतर बाकीच्या वारसांची संमती लागते. म्हणून हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करण्याची पद्धत आहे, पण त्यात ताबा खरोखर द्यावा लागतो. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी रद्द ठरते, आणि लग्नानंतर आधीचं मृत्युपत्र संपतं. लग्न झालं की नवीन करावं.

ठेवणं आणि नंतरची कामं

मूळ प्रत कुठे आहे हे व्यवस्थापकाला आणि आणखी एका माणसाला माहीत हवं. एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, कारण लॉकर उघडायलाच आधी कागद लागतात. ती यादीची वहीही सोबतच ठेवा. घरात लग्न, घटस्फोट, जन्म, मृत्यू किंवा मोठी खरेदी-विक्री झाली की मृत्युपत्र पुन्हा वाचा.

माणूस गेल्यावर मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती काढा. शेतीसाठी तीन महिन्यांच्या आत ग्राममहसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर मृत्युपत्रासह फेरफारासाठी अर्ज करा. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर सुनावणी होते. शहरात नगर भूमापन, महापालिका, सोसायटी आणि वीज मीटर अशी चार ठिकाणी नावं बदलावी लागतात. सोलापुरातल्या मिळकतीसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घेणं सक्तीचं नाही, मात्र हरकत असेल किंवा एखादी संस्था अडून बसली तर जिल्हा न्यायालयातून ते घेता येतं. मृत्युपत्रच नसेल, तर ठेवी आणि शेअर्ससाठी वारसा प्रमाणपत्र लागू शकतं. मुंबईत मिळकत असेल तर प्रोबेटचा सध्याचा नियम वकिलाला विचारा. तिथल्या मिळकतींना ते वर्षानुवर्षं सक्तीचं होतं.

जुनी पासबुकं सापडली आणि बँक म्हणाली खातं बंद पडलंय, तरी पैसा बुडत नाही. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात आणि वारसांना तिथूनही, आपल्या बँकेमार्फत, मागता येतात. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम संकेतस्थळावर नाव टाकून तिथे सामील असलेल्या बँकांमधल्या अशा ठेवी शोधता येतात.